धरणाच्या कामावरचा कंत्राटदार : महात्मा जोतीराव फुले



रविवारी संध्याकाळी आपल्या धरणाच्या चौपाटीवर किती गर्दी असते हे तुम्हाला सांगायला नको. भाजलेली कणसे, कांदाभजी, मुलांचा दंगा आणि समोर पसरलेले पाणी. गावाकडून पाहुणे आले की आपणही त्यांना हौसेने तेथे नेतो. हे पाणी अडवणाऱ्या दगडी भिंतीशी महाराष्ट्रातील एका फार मोठ्या माणसाचा संबंध आहे, हे मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. येथे बदली होऊन येईपर्यंत आम्हालाही ते ठाऊक नव्हते. तो माणूस म्हणजे महात्मा जोतीराव फुले. येत्या २८ नोव्हेंबरला त्यांची पुण्यतिथी आहे. मुलींची शाळा काढणारे म्हणून आपण त्यांना शाळेच्या पुस्तकातून ओळखतो. आज आम्ही त्यांची ओळख खडकवासल्याच्या कामावरचे कंत्राटदार म्हणून करून देणार आहोत, कारण गरीब गरीब का राहतो या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांना या कामावर सापडले असे आम्हाला वाटते.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यामुळे फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारली. सगुणाबाई या बालविधवा नात्यातल्या बाईंनी त्यांना वाढवले. वडील गोविंदराव यांनी पोराला शाळेतून काढून मळ्यात घातले होते. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे इंग्रज गृहस्थ यांनी गोविंदरावांची समजूत काढली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. एक मुसलमान शेजारी, एक ख्रिस्ती साहेब आणि एक माळी बाप अशा तिघांच्या विचाराने एका मुलाचे शिक्षण पुढे चालले, ही गोष्ट आम्हाला फार गोड वाटते.

पुढचे आपल्याला माहीत आहे. १८४८ साली ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी नगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांनी पुण्यात बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पत्नी सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. लोकांच्या दडपणाने वडिलांनी दोघांना घराबाहेर काढले. गोवंडे, परांजपे, वाळवेकर असे ब्राह्मण मित्र मात्र त्यांच्या पाठीशी राहिले, हेही सांगितले पाहिजे. १८५५ साली त्यांनी दिवसभर राबणाऱ्या मजूर-शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, १८६३ साली फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. यांतील प्रत्येक गोष्टीवर एकेक लेख होईल. आज आपल्याला धरणाकडे जायचे आहे.

समाजसेवा करणाऱ्या माणसाचे पोट कसे चालते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. जोतीराव पगारी समाजसेवक नव्हते. ते व्यापार करीत; धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य विकत, शेती करीत आणि सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. १८८२ साली स्वतःची ओळख देताना त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा कंत्राटदार असेच सांगितले आहे.

१८६० च्या दशकाच्या अखेरीस मुठा नदीवर खडकवासल्याला धरणाचे काम सुरू झाले. कर्नल फाइफ या इंजिनिअरची ही योजना, म्हणून या जलाशयाला इंग्रज लोक लेक फाइफ म्हणत. पुणे शहर, लष्कर आणि खडकी यांना पिण्याचे पाणी मिळावे आणि पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातील शेती भिजावी, हा हेतू. १८७९ च्या सुमारास काम पुरे झाले. (१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा हे धरणही फुटले आणि पुन्हा बांधावे लागले, त्या दिवसाच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे पुण्यात अजून भेटतात.) या कामाला लागणारे बांधकामाचे साहित्य पुरवण्याचे एक कंत्राट जोतीरावांकडे होते.

कंत्राटदाराला कामाची दोन्ही टोके दिसतात. वर कचेरीत बिले कशी मंजूर होतात ते दिसते आणि खाली खाणीत दगड कोण फोडतो तेही दिसते. जोतीरावांनी दोन्हीकडे डोळे उघडे ठेवले. मजुराची हजेरी मांडणारा कारकून, मापे घेणारा ओव्हरसीयर आणि सही करणारा साहेब यांच्या साखळीत मजुराचा पैसा कसा झिरपतो, हे त्यांनी पाहिले. हजेरीपटावर नसलेली माणसे हजर असत आणि असलेल्या माणसांच्या हातात ठरल्यापेक्षा कमी पैसे पडत. मजुराला अक्षरओळख नाही, त्यामुळे पटावर काय लिहिले आहे ते त्याला कळत नाही. साहेबाला मराठी धड येत नाही, त्यामुळे तो कारकुनाच्या डोळ्यांनी पाहतो. सरकारचा हेतू कितीही चांगला असो, पैसा तिजोरीतून निघून मजुराच्या ओट्यात पडेपर्यंत मध्ये बसलेल्यांना अडवणारे कोणीच नव्हते. इंजिनिअर खात्यातील या कारभारावर जोतीरावांनी एक पोवाडाच रचला. कंत्राटदाराने आपल्याच खात्याविरुद्ध पोवाडा रचावा! धंद्याच्या दृष्टीने याहून मोठा वेडेपणा नाही. चार दाम चारायचे, बिल पास करून घ्यायचे आणि गप्प बसायचे, हा त्या काळीही रूढ मार्ग होता.

त्यांच्या लिखाणाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. जोतीरावांची भाषा जहाल आहे. एका जातीचे कारकून लबाड निघाले म्हणून ते त्या सगळ्या जातीवर कोरडा ओढतात, तेव्हा आम्ही अडखळतो. ज्या मित्रांची नावे वर दिली त्यांचे काय, असे मनात येते. आणि धर्माच्या नावावर जगणाऱ्या पुरोहितवर्गावर ते तुटून पडतात तेव्हा झगा घातलेला हा वाचक जरा सावरून बसतो. त्यांनी आमचीही गय केली नसती. पण अक्षर येणाऱ्याने अक्षर न येणाऱ्याला लुबाडावे, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते, रोज कामावर पाहिले होते. सेमिनरीत आम्ही न्यायाचे प्रकार शिकलो. दोन व्यक्तींमधील देवाणघेवाणीचा न्याय वेगळा आणि समाजाच्या सामाईक धनाचे वाटप करण्याचा न्याय वेगळा, हे संत थॉमस अक्विनास यांनी किती बारकाईने मांडले आहे! आम्ही ते पाठ केले, परीक्षेत लिहिले. जोतीरावांना हा दुसऱ्या प्रकारचा न्याय हजेरीपटाने शिकवला.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना आम्ही आवाराची भिंत बांधून घेतली. कंत्राटदाराशी भाव ठरवला, घासाघीस करून थोडा कमी करून घेतला आणि धर्मग्रामाचे पैसे वाचवले म्हणून समितीने आमचे कौतुक केले. काम करणारी कुटुंबे परप्रांतातून आलेली होती, आवारातच ताडपत्रीखाली राहत होती. बाईला पुरुषाएवढीच मजुरी मिळते का, वाचवलेले पैसे नेमके कोणाच्या वाट्यातून कापले गेले, हे आम्ही एकदाही विचारले नाही. रोज संध्याकाळी त्यांच्या मुलांना चॉकलेटे मात्र वाटली.

आता कालव्याकडे येऊ. धरणाचा उजवा कालवा पुण्याच्या पूर्वेला गेला. जोतीरावांनी मांजरीला स्वतः शेती केली, त्यामुळे पाण्याचा प्रश्न त्यांना शेतकऱ्याच्या बांधावरूनही दिसत होता. कालवा शेजारून वाहतो, पाणीपट्टी वसूल होते, पण पाणी वेळेवर आणि पुरेसे मिळेलच याची जबाबदारी कोणी घेत नाही, अशी त्यांची तक्रार होती. यावर त्यांनी सुचवलेला उपाय आम्हाला आजही थक्क करतो. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या गरजेच्या मापाने स्वतंत्र तोटी करून द्यावी, म्हणजे पाणी वायाही जाणार नाही आणि कोणाच्या मर्जीवरही राहणार नाही. आज याच धरणाचे पाणी पुणे शहराने किती घ्यावे आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती सोडावे यावरून दर उन्हाळ्यात बैठका होतात, तेव्हा आम्हाला ती तोटी आठवते.

कालव्याच्या पाण्यापासून दूर असलेल्या शेतकऱ्यांची स्थिती याहून वाईट होती. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. कर्जाचे कागद जाळणे हा त्यांचा मुख्य हेतू होता. पाठोपाठ १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ आला. सरकारने दुष्काळी कामे काढली खरी, पण खर्च वाचवण्यासाठी १८७७ च्या सुरुवातीला मजुरी इतकी खाली आणली की कष्टकरी पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढ्यावर राबावे लागे. जोतीराव-सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाच्या सहकाऱ्यांना हाताशी धरून धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. हा समाज त्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केला होता. धनकवडी आपल्या खडकवासल्यापासून किती जवळ आहे! आपल्यापैकी बरीच कुटुंबे नगरकडून, मराठवाड्यातून पुण्यात आली आहेत. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडलेले आजी-आजोबा तुमच्या घरात असतील, तर हजेरीपट म्हणजे काय हे त्यांना जरूर विचारा.

या सगळ्या अनुभवातून १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक लिहून पुरे झाले. नावाने दचकू नका. या पुस्तकात संताप आहे तितकाच हिशेबही आहे. शेतसारा, जकात, लोकल फंड असा पैसा कोणाकडून गोळा होतो आणि तो कोणाच्या पगारावर, पेन्शनीवर, सोयींवर खर्च होतो, हे त्यांनी विचारले. शेतकऱ्याच्या घराचे वर्णन करताना ते भिंती, भांडी, अंथरूण आणि ताटातले अन्न सगळे नजरेसमोर उभे करतात. मग उपाय सांगतात : डोंगरउतारांवर बांध घालून पाणी आणि माती अडवा, तळी-विहिरींच्या जागा शोधा, गुरांची पैदास सुधारा, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्या, चांगले पीक काढणाऱ्यांना बक्षिसे द्या. पाणलोट क्षेत्र हा शब्द आपण अलीकडे ऐकू लागलो, ही कल्पना त्यांनी तेव्हाच मांडली होती. या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू' पत्रात छापून आली आणि पुढची छापायला संपादक कचरले. हे संपादक दुसरे कोणी नसून जोतीरावांचे जवळचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव त्यांच्यावर फार चिडले. चळवळीतली माणसेही शेवटी माणसेच.

लोखंडे यांच्याबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवून दिली. तोपर्यंत गिरणीत आठवडाच्या आठवडा सुट्टीविना काम चाले. आपण हे पत्रक रविवारी हातात घेतो. रविवार हा प्रभूचा दिवस हे खरेच, पण कामगाराला तो दिवस मोकळा मिळावा म्हणून कोणाला तरी सरकारदरबारी भांडावे लागले होते, आणि भांडणारे आपल्या धर्माचे नव्हते.

सरकारी पैसा कोणाचा आणि कोणासाठी, हा प्रश्न जोतीरावांनी प्रत्येक ठिकाणी लावून धरला. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. बत्तीस सभासदांत विरोधात मत दिले ते एकट्या जोतीरावांनी. तो पैसा पुण्यातील गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे भाजीबाजारासाठी भव्य इमारत बांधण्याची टूम निघाली, तिलाही त्यांचा विरोध होता. स्वतः माळी आणि बांधकामाचे कंत्राटदार असूनही! आधी शाळा, मग मनोरे, असा त्यांचा क्रम होता. इमारत झालीच, १८८६ साली तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. आचार्य अत्रे नगरपालिकेत होते तेव्हा ते नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. जोतीरावांना काय वाटले असते कोणास ठाऊक. बहुधा त्यांनी आधी भाजीवाल्या बायांच्या गाळ्याचे भाडे विचारले असते.

१८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ चे निवेदन ठेवले. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो, पण शिक्षणाचा खर्च होतो तो वरच्या वर्गातील मुलांच्या उच्च शिक्षणावर; शेतकऱ्याच्या मुलाला गावात साधी शाळा नाही. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, गावच्या शिक्षकाला पोटभर पगार द्यावा आणि अभ्यासात शेतीचे ज्ञान असावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आयोगाने सक्तीचे मान्य केले नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली यासाठी विधेयक मांडले, तेही फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते करून दाखवले. देशाचा शिक्षण हक्क कायदा झाला २००९ साली. निवेदनाला तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती.

आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न येईलच : मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव ख्रिस्ती का झाले नाहीत? बाबा पदमनजी झाले. जोतीरावांना येशू ख्रिस्ताबद्दल अपार आदर होता. गरिबांच्या कैवाऱ्याला ते बळीराजा म्हणत आणि त्या नावाने ते ख्रिस्ताकडेही पाहत. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर गदारोळ झाला तेव्हा ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. परंतु कोणत्याही एका धर्मग्रंथाला त्यांनी स्वतःला बांधून घेतले नाही. एकाच घरात आईने एक धर्म पाळावा, बापाने दुसरा, मुलांनी आणखी वेगळा आणि तरी सर्वांनी गोडीने राहावे, अशी त्यांची कल्पना होती. ही त्यांची वाट. आम्ही ती आमच्या वाटेत ओढून घेणार नाही. एक योगायोग मात्र नोंदवतो. हे विचार ज्यात आहेत ते त्यांचे शेवटचे पुस्तक त्यांच्या पश्चात १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १५ मे रोजी पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले आणि मजुराला कुटुंब जगेल एवढी मजुरी देणे हा न्यायाचा भाग आहे, दयेचा नव्हे, असे ख्रिस्तसभेने ठामपणे सांगितले. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले तेही त्याच परंपरेची आठवण ठेवून.

शेवटची वर्षे थोडक्यात सांगतो. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी होती. दागदागिन्यांनी मढलेल्या त्या सभेत जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेशात गेले आणि येथे दिसते ती प्रजा खरी नव्हे, खरी प्रजा पाहायची असेल तर खेड्यात चला, असे राजपुत्राला त्यांनी सुनावले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. नंतर दोन महिन्यांतच पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडले. त्यांनी डावा हात वळवला आणि त्या हाताने ते शेवटचे पुस्तक लिहून काढले. कंत्राटांतून मिळवलेला पैसा शाळा, बालाश्रम आणि छापखान्यांच्या बिलांत केव्हाच गेला होता. औषधपाण्याची ओढाताण होऊ लागली तेव्हा मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून मदत मागितली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलगा यशवंत याच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या.

पुण्यात त्यांचे राहते घर आजही आहे. पूर्वीची गंज पेठ, आताची महात्मा फुले पेठ. तेथील त्या जागेला समताभूमी म्हणतात. जोतीरावांनी खुला केलेला हौद पाहायला मिळतो. २८ तारखेला तेथे फार गर्दी असते, म्हणून आपल्या युवक मंडळाने डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी जाण्याचे ठरवले आहे. येणाऱ्यांनी आज मिस्सानंतर नावे द्यावीत. बांधकामावर काम करणाऱ्या आपल्या कुटुंबांतील मुलांचे बसभाडे धर्मग्राम देईल. आपल्या नाताळच्या मांडवाचा खर्च पुढच्या रविवारी समितीपुढे आहे. तो या वेळी आम्ही आधी फलकावर लावणार आहोत, मांडव घालणाऱ्या माणसांच्या रोजासकट.